शर्टाची गाठ

मुलाणी हवालदारांचा फोन आला तेव्हा मी पूजेला बसतच होते. अंघोळ झाली होती, आसन टाकलं होतं, तांब्या भरून ठेवला होता. गळ्यातलं लिंग वस्त्रातून सोडून तळहातावर घ्यायचं तेवढं राहिलं होतं.

"अक्का, एक पाव्हणा आलाय," ते म्हणाले. "तोंड उघडत न्हाई."

"बोलत नाही?"

"बोलत न्हाई, खात न्हाई, पाणीबी पीत न्हाई. काल सांजच्याला आणलाय. दुखायची गोळी द्यायला गेलो तर दात असे आवळले, मला वाटलं दातखीळच बसली. दुपारी तीनला कोर्टात उभा करायचाय. तुम्ही येताय, का मी आपला जेलचा कागद तयार करू?"

"येते."

"आणि तुमचं ते पुण्याचं सायब आज यायचं हुतं न्हवं?"

"दहाला येतायत."

"मग बेस. त्यास्नीबी हितंच बोलवा. खराखुरा माल बघू द्या."

मी तांब्यावर वाटी झाकली आणि निघाले. तासाभरात परत येऊ, असं धरून चालले होते. आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग सकाळी तळहातावर घेऊन पूजल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, हा नेम आईने लहानपणी घालून दिला होता. बाळंतपणात, तापात, प्रवासात, कधीच मोडला नव्हता. उशीर पुष्कळदा झाला होता. उशीर चालतो, मोडलेला चालत नाही, असं आई म्हणायची.

आमचं काम तालुक्यात नवीन होतं. डोक्याच्या दुखण्याने भरकटलेली माणसं असतात. कुणाच्या परसात शिरतात, काही उचलतात, रस्त्यात कपडे काढतात, मग पोलीस आणतात आणि माणूस जेलमध्ये जातो. तिथे औषध नाही, ओळखीचं कुणी नाही. वर्षभराने बाहेर येतो तो जास्त बिघडून. अशा माणसाला जेलच्या वाटेवरून वळवून दवाखान्याच्या वाटेला लावायचं, एवढंच आमचं काम. मी, आठवड्याला येणारे एक डॉक्टर आणि एक जुनी जीप. सगळं पुण्याच्या एका न्यासाच्या अनुदानावर. ते अनुदान त्या महिन्यात संपत होतं. पुढे द्यायचं की नाही ते ठरवायला बोडस म्हणून अधिकारी येणार होते.

कोर्टातल्या न्यायाधीशबाईंनी आमच्यावर विश्वास टाकला होता, पण एका अटीवर. माणसाने त्यांच्यासमोर, स्वतःच्या तोंडाने, उपचाराला हो म्हटलं पाहिजे. हो म्हणाला की दवाखाना. नाही म्हणाला किंवा गप्प राहिला की कायद्याने जे व्हायचं ते.

आणि हा माणूस तोंडच उघडत नव्हता.

पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर बंदोबस्ताला गेले होते. मुलाणी एकटेच होते. ते मला आत कोठडीकडे घेऊन गेले. कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन एक चाळिशीचा माणूस बसला होता. दाढी वाढलेली, अंगात मळून खाकी झालेला पांढरा शर्ट, धोतर मात्र नीट नेसलेलं. डावा गाल सुजून वर आला होता.

"मारलंत?" मी विचारलं.

"आम्ही न्हाई. पब्लिकनं हात धुऊन घेतलेत. सराफाच्या दुकानात शिरला, चांदीची डबी उचलली आणि बाहेर येऊन पायरीवरच बसला. पळालाबी न्हाई. सोन्याची चेन बाजूला पडली हुती, तिला हात लावला न्हाई गड्यानं. मला सांगा अक्का, चेन सोडून डबी उचलणाऱ्याचं डोकं ठिकाणावर असतंय का?"

"नाव, गाव?"

"तोंड उघडलं तर सांगंल. खिशात एक शेंगदाणा न्हाई. डबी सील झाली, सराफाची तक्रार लेखी हाय."

मी गजांशी गेले. "दादा," म्हटलं, "मी महानंदा. पोलिसांतली नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे शांत नव्हते, पण वेडेही वाटेनात. एखादी गोष्ट जपून नेताना माणूस जसा सारखा इकडेतिकडे पाहतो तसं तो पाहत होता. मी पाण्याचा पेला गजांतून आत सरकवला. त्याने पेल्याकडे पाहिलं, घसा हलला, आणि त्याने मान भिंतीकडे फिरवली. तहान होती. ती मला स्वच्छ दिसली.

"बघितलंत?" मुलाणी म्हणाले. "पाण्यावर रुसलाय का आमच्यावर, कळंना."

बोडस आला तो बरोबर दहाला. तिशीचा, सडपातळ, सभ्य मुलगा. पाठीवर सॅक, हातात निळी स्टीलची बाटली. मला म्हणाला, "बिराजदार मॅडम, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. तुम्ही दमलेल्या दिसताय. पाणी घ्या ना." आणि बाटलीचं झाकण उघडून पुढे केली.

"आत्ता नको," मी म्हटलं.

त्याने बाटली मागे घेतली. मुलाण्यांनी त्याला खुर्ची दिली आणि घडलेलं सांगितलं. सांगण्यात त्यांनी दातखीळ, चेन, पायरी सगळं मीठमसाला लावून घातलं. बोडस हसला नाही. सॅकमधून कागद काढून म्हणाला, "म्हणजे ही केस सकाळी सातला तुमच्याकडे आली. कराराप्रमाणे दोन तासांत ठरवायचं असतं, घ्यायची की सोडायची. आता दहा वाजून गेले."

"तो अजून बोलला नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच म्हणतोय. मॅडम, मी टीका करत नाही. पण आमच्या विश्वस्तांना आकडे लागतात. एकामागे अख्खा दिवस गेला तर वर्षाला किती होतील?"

"थोडे होतील."

"बरं, असं करू. कागदावर अंगठा चालतो. अंगठा घ्या, जीप उभी आहे. तुमचीही केस होईल, माझाही अहवाल होईल."

"न्यायाधीशबाई अंगठा बघत नाहीत. विचारतात."

"मान तर हलवेल?"

"मुंडी धरून हलवली तर हलंल की," मुलाणी म्हणाले. "आम्हाला येतंय ते."

मी बोडसला म्हटलं, "न बोलता त्याने अंगठा दिला, तर तो अंगठा त्याचा नाही होणार. माझा होईल. दवाखान्यात चार दिवसांनी तो भिंतीवर डोकं आपटेल तेव्हा मी कुठे असेन?"

एवढ्यात बोडसचा फोन वाजला. बाहेर जाऊन बोलून आला तो उत्साहात. शेजारच्या ठाण्यात एक मुलगा होता. बोलणारा, तयार असलेला, आई बरोबर आलेली. आमच्या डॉक्टरांनीच कळवलं होतं.

"बघा," तो म्हणाला, "ही अगदी सरळ केस आहे. जीप तिकडे न्या. मी दुपारपर्यंत सगळं पाहून जाईन, आणि खरं सांगतो, पुढच्या तीन वर्षांचा प्रश्न सुटेल. इथे या माणसाला... जेलमध्येही डॉक्टर असतातच ना मॅडम."

"डॉक्टरांचं आणि माझं सकाळीच बोलणं झालंय. त्या मुलाला आई आहे. त्याला उद्या नेलं तरी तो आजच्याइतकाच असेल. याला उद्या नाही."

"पण हा उघडपणे सहकार्य करत नाहीये."

"तहान लागलेला माणूस पाणी पीत नाही. त्याला काहीतरी कारण असणार. ते कळेपर्यंत मी बसते."

"किती वेळ?"

"तीनपर्यंत बसता येईल."

माझा आवाज मुळातच बारीक. मुलाणी नेहमी चेष्टा करायचे, अक्का कोर्टात उभ्या राहिल्या की न्यायाधीशबाई खुर्ची पुढं ओढून घेत्यात म्हणून. बोडसलाही वाटलं असावं, ही बाई हळू बोलतेय म्हणजे ऐकेल. त्याने परत सगळं समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि कोठडीसमोरच्या फरशीवर जाऊन बसले.

बसले खरी, पण काय करावं ते मला माहीत नव्हतं. मी त्याच्याशी बोलत राहिले. पावसाचं, भुईमुगाचं, गावातल्या जत्रेचं. मराठीत बोलले, कन्नडमध्ये बोलले. कन्नडमध्ये बोलले तेव्हा त्याने डोळे वळवले, एवढंच. मुलाण्यांनी भजी मागवली. वास आला तसा त्याने हाताने नाक-तोंड झाकून घेतलं. बोडस थोड्या अंतरावर खुर्चीत बसून लिहीत होता. मधूनमधून घड्याळ पाही. जाईल असं मला वाटलं होतं. गेला नाही, हे त्याच्याबद्दल सांगितलं पाहिजे.

ऊन ठाण्याच्या पायरीवर आलं. भिंतीला डोकं टेकलं तर मला गरगरायला लागलं. ओठ कोरडे पडले होते.

मुलाण्यांनी ओळखलं. "अक्का, तुमची पूजा व्हायची हाय न्हवं? सकाळधरनं पाणी न्हाई पोटात. घरला जाऊन या. मी हाय की हितं."

"जाऊन येईपर्यंत दीड होईल. मग तुम्ही त्याला तयार कराल, गाडी येईल."

"मग करता काय? चक्कर यून पडाल तर तुमचाच पंचनामा करायची पाळी यायची माझ्यावर."

मी उठले. तोंड, हातपाय धुऊन आले. मुलाण्यांना म्हटलं, "तुमच्या माठातलं एक तांब्या पाणी द्या. इथेच करते."

"हितं? कोठडीम्होरं?"

"जागा पुसून घेते."

बोडस खुर्चीतून उठला. "मॅडम, एक मिनिट. गैरसमज करून घेऊ नका. पण हे कार्यक्रमाच्या वेळेत आहे. पोलीस ठाण्यात, आरोपीसमोर पूजा... आमच्या करारात स्पष्ट आहे, धार्मिक काही नको. मी हे पाहिलं तर मला लिहावं लागेल."

"लिहा."

"नुकसान तुमचंच होईल."

"हा कार्यक्रम नाही बाळा," मी म्हटलं. "माझ्या पाण्याचा प्रश्न आहे. पूजा झाल्याशिवाय मी पाणी पीत नाही, आणि पाणी प्यायल्याशिवाय आता मला बसवणार नाही. उठायचं तर नाहीच आहे."

मुलाण्यांनी तांब्या विसळून भरून आणला. स्वतःचा रुमालही फरशीवर अंथरला, म्हणाले, "धुतलेला हाय, काल जुम्म्याला."

मी गजांकडे तोंड करून बसले. ते मुद्दाम नव्हतं. पाठ केली असती तर तो नजरेआड झाला असता. पर्समध्ये भस्माची गोळी असतेच. कपाळाला तीन बोटं ओढली. गळ्यातलं वस्त्र सोडलं, लिंग डाव्या तळहातावर घेतलं. बेल नव्हता, फूल नव्हतं. थोडं पाणी घातलं, भस्म लावलं, आणि नेहमीसारखी नजर त्यावर धरून बसले. एकदा नजर बसली की मला आसपासचं फारसं कळत नाही. टेबलावरचा फोन वाजून थांबला, तेवढं आठवतं.

मग धोतराची सळसळ ऐकू आली.

मी मान वर केली. तो कोपऱ्यातून उठून गजांशी आला होता. माझ्यासमोर, माझ्यासारखाच, मांडी घालून बसला होता. पाठ ताठ. त्याने आधी माझ्या तळहाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, मग मुलाण्यांकडे. मुलाणी जागचे हलले नाहीत. त्याने डावा तळहात पुढे केला, तोंडाजवळ नेला, आणि आदल्या संध्याकाळपासून आवळून धरलेलं तोंड उघडलं.

तळहातावर एक काळंभोर लिंग पडलं. बोराएवढं. लाळेने ओलं, कडेला थोडं रक्त.

त्याचा सुजलेला गाल बसला.

"या अल्ला," मुलाणी हळूच म्हणाले.

बोडसचं पेन हातातच राहिलं होतं. माझ्या तांब्यातलं पाणी मी गजांतून त्याच्या तळहातावर धरलं. खालून त्याच्या हाताला माझ्या हाताचा आधार दिला. भस्म दिलं. त्याने लावलं, आधी लिंगाला, मग कपाळाला. मग आम्ही दोघं आपापल्या तळहाताकडे बघत बसलो. मध्ये गज होते.

तीर्थ घेतल्यावर त्याने पहिला शब्द उच्चारला.

"पाणी."

तांब्यात होतं तेवढं सगळं तो प्याला. मुलाण्यांनी दुसरा भरून आणला, तोही संपवला. मग श्वास टाकून भिंतीला टेकला. लिंग मुठीत घट्ट.

"नाव काय दादा तुझं?"

"मल्लिनाथ." आवाज फाटलेला होता. "बसस्टँडवर झोपलो हुतो अक्का. कुणीतरी गळ्यातलं कापून नेलं. देव ठेवायची करडगी चांदीची हुती, आज्ज्याची. न्हेणाऱ्यानं डबी न्हेली, देव तिथंच टाकला, फरशीवर. लोकांच्या पायात. शोधून काढला. मग ठेवायचा कुठं? देव उघड्यावर कसा ठेवायचा?"

"म्हणून सराफाची डबी घेतलीस."

"करडगीच हुती ती. रिकामी. रिकामी डबी देवाच्या काय कामाची त्याच्याकडं?" त्याचे डोळे परत इकडेतिकडे फिरायला लागले. "त्या आवाजांनी सांगितलं, घे म्हणून. रात्रंदिवस सांगत असत्यात. मी म्हटलं, हे मातर बरं सांगताय. घेतली. मग लोकं मारायला लागली. हे पोलीसबी काढून घेतील. सगळं काढून घेत्यात की हितं, करदोटाबी काढला माझा. म्हणून आत ठेवला."

"गिळला असता म्हंजे रं?" मुलाणी म्हणाले.

"म्हणून तर पाणी प्यालो न्हाई."

मग मल्लिनाथने मूठ उघडली, लिंग पाहिलं, आणि ते परत तोंडाकडे न्यायला लागला.

"थांब," मी म्हटलं. "तोंडात ठेवलंस तर न्यायाधीशबाईंशी बोलणार कसा?"

"मग ठेवू कुठं?"

माझ्या गळ्यातली दोरी देऊन चालण्यासारखं नव्हतं. कोठडीत गळ्यात दोरी चालत नाही. कुणी गळफास लावून घेईल म्हणून करदोटा, पट्टा, सगळं काढतात. ती डबी मुद्देमाल होती, सीलबंद. खिसा त्याला नको होता; म्हणाला, पडतो, एकदा पडला. मी मुलाण्यांकडे पाहिलं. ते टोपी काढून डोकं खाजवत होते.

"दोरी देता येत न्हाई," ते म्हणाले. "कापड वेगळं देता येत न्हाई. पण अंगावरच्या शर्टाला गाठ मारायची न्हाई, असं कुठं लिहिलंय? माझी आई नातवाच्या सदऱ्याला तावीज असाच बांधायची." ते खाली बसले. "ए मल्लिनाथ. शर्टाचं टोक घे. पोटाकडचं. आत ठेव आणि मार गाठ. दोन मार, घट्ट. हां. आता धोतरात खोच. झालं तुझं देऊळ."

मल्लिनाथने गाठ मारली, ओढून पाहिली, परत ओढून पाहिली. मग पोटावर तळवा ठेवून बसला. एवढ्या वेळात त्याचे खांदे पहिल्यांदा खाली आलेले मी पाहिले.

मी त्याला सगळं सांगितलं. कोर्ट, दवाखाना, गोळ्या. आवाज कमी होतील, एकदम जाणार नाहीत. केस चालूच राहील, तारखा पडतील. तो ऐकत होता. शेवटी त्याने एकच प्रश्न विचारला.

"तिथं गाठ सोडायला लावत्यात का?"

"तिथे कपडे बदलतात. मी आधी सांगून ठेवीन. तुझ्या हाताने सोडशील, तुझ्याच हाताने दुसऱ्या शर्टाला बांधशील. दुसरं कुणी हात लावणार नाही."

"तुम्ही येशाल संगट?"

"येईन."

"मग जातो."

कोर्टात बाईंनी खुर्ची पुढे ओढली. सराफाचे वकील होते, पोलीस होते, मी होते. बाईंनी विचारलं, "मल्लिनाथ, तुम्हाला बरं नाही, असं या म्हणतात. उपचाराला जायला तुम्ही तयार आहात का? कुणी जबरदस्ती केली आहे का?"

त्याने शर्टाचं टोक मुठीत धरलं होतं. "तयार हाय," तो म्हणाला. "जबरदस्ती न्हाई. अक्कानं पाणी दिलं." मग जरा थांबून, "हवालदारानंबी."

मागे मुलाणी खाकरले.

बाईंनी आदेश लिहिला. जीप येईपर्यंत मी कोर्टाच्या व्हरांड्यात उभी होते. बोडस आला.

"मॅडम, बोलू का?"

"बोला."

"मी विचार केला. मी लिहितो की रुग्णाशी दीर्घ संवाद साधल्यावर त्याने संमती दिली. ते खोटं नाही. पूजेचं लिहीत नाही. तुम्हीही कुठे लिहू नका. दोन तासांचं मी कसंतरी बसवतो. अनुदान मिळेल, मी प्रयत्न करीन."

तो मनापासून म्हणत होता. मला दिसत होतं. मी नाही म्हटलं तर डॉक्टरांचं मानधन, जीप, सगळं लोंबकळत राहणार, हेही दिसत होतं.

"नको," मी म्हटलं. "जे पाहिलंत ते लिहा. पूजा केली तेही लिहा, तुम्ही अडवलंत आणि मी ऐकलं नाही तेही लिहा."

"पण का? कुणाला काय फायदा त्याचा?"

"तुम्ही संवाद लिहिलात, तर पुढच्या ठिकाणी पुढची बाई दोन तास बोलत बसेल आणि सोडून देईल. मी सकाळभर बोललेच की. माझ्या बोलण्याने काय झालं? प्रत्येकाच्या तोंडात देवच असेल असं नाही. कुणाचं काही वेगळं असेल. पण काहीतरी असतं, आणि ते बाहेर यायला त्याचा तो वेळ घेतं. मला तुमच्याकडून पैसे त्या वेळेसाठी हवेत. तो मिळणार नसेल तर जीप घेऊन मी करू काय?"

बोडसने पेन खिशाला लावलं. मग म्हणाला, "एक विचारू? सकाळी तुम्ही माझं पाणी घेतलं नाहीत. मला वाटलं, सोवळंओवळं असेल. नंतर त्यांच्या माठातलं घेतलंत, तेव्हा मी गोंधळलो. मग लक्षात आलं. मी सकाळपासून चुकीचंच लिहीत होतो. तुमच्याबद्दलही, त्याच्याबद्दलही."

त्याने बाटली काढली. झाकण उघडायचं की नाही, या विचारात तशीच धरून उभा राहिला. तीर्थाच्या पळीभर पाण्यापलीकडे माझ्या पोटात अजून काही नव्हतं. दोन्ही तांबे मल्लिनाथनेच संपवले होते, आणि पुढच्या धावपळीत माझं प्यायचं राहूनच गेलं होतं. मी हात पुढे केला. बाटली घेतली, आणि पायरीवर बसून ती पुरी रिकामी केली.

न्यासाने अनुदान दिलं, पण तीनऐवजी एकाच वर्षाचं, आणि जीपचा खर्च कापून. ते वर्ष आम्ही एसटीने आणि मुलाण्यांच्या फटफटीवर काढलं. पुढे दुसरीकडून मदत मिळाली, काम वाढलं, आता तीन तालुक्यांत चालतं. पण त्या वर्षीच्या नव्या करारात दोन तासांची अट नव्हती. ती कुणी काढली ते मी विचारलं नाही.

मल्लिनाथ बरा झाला असं म्हणणार नाही. गोळ्या घेतो, आवाज लांबून येतात म्हणतो. केसच्या तारखेला स्वतःच्या पायाने यायचा. एका तारखेला आला तो गळ्यात करडगी घालून. नवी, चांदीची, मजुरीच्या पैशांतून केलेली. मला आणि मुलाण्यांना उघडून दाखवली. आत लिंग होतं, स्वच्छ वस्त्रावर.

पण शर्ट वाऱ्याने उडाला तेव्हा मला दिसलं, पोटाकडच्या टोकाला गाठ होती.

"अरे, आता ती कशाला?" मी विचारलं.

त्याने गाठ चाचपून पाहिली आणि शर्ट धोतरात नीट खोचला.

"असू द्या अक्का," तो म्हणाला. "डबी कुणीबी न्हेतंय. गाठ कोण न्हेतंय?"